पाण्यामागून बडोदं

आमच्या रत्नागिरीत मांडवी म्हणजे समुद्र. संध्याकाळी जेटीवर जायचं, दाणे खायचे, कठड्यावर लाट फुटून तोंडावर पाणी उडालं की हसत मागे सरायचं. बडोद्यालाही मांडवी आहे हे मला आत्याच्या पत्रांमुळे लहानपणापासून माहीत होतं. 'काल मांडवीपर्यंत जाऊन आले, बांगड्या भरल्या' असं ती लिहायची. बडोद्याच्या मांडवीवर लाटा बघत बघत बांगड्या भरता येतात, अशी माझी सातवी-आठवीपर्यंत पक्की समजूत होती. ती भूगोलाच्या बाईंनी मोडली. मांडवी म्हणजे जकात घ्यायची जागा. ती बंदरावर असते तशी भर बाजारातही असते.

यंदा मे महिन्यात निवृत्त झाले आणि जुलैत आत्याकडे निघाले. ज्याने त्याने वेड्यात काढलं. बडोद्याला थंडीत जावं, पावसात काय बघणार? पण रत्नागिरीकराला पावसाचं भय घालून उपयोग नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, बडोद्यात नऊशेच्या आसपास. म्हटलं, एवढ्याशा पावसाला छत्री उघडायची की नाही ते तिथे गेल्यावर बघू. हा माज चार दिवसांत उतरला.

पहिला दिवस, आषाढ वद्य तृतीया

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, त्यामुळे गाडी आधीच सावकाश. त्यात वसईच्या पुढे ती आणखी रेंगाळली. सकाळी सातला पोचायची ती साडेनऊला पोचले. पाऊस भुरभुरत होता. रिक्षाने थेट दांडिया बाजार.

आत्याचा वाडा निम्मा विकलाय. उरलेल्या निम्म्यात खाली आत्या, वर दादा आणि वहिनी. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. ओसरीवर मोठा हिंचका, त्यावर आत्या बसलेली. "ये गो ये. बस ने." एवढ्यात तिचं सगळं चरित्र आलं. 'गो' माहेरचा, 'ने' सासरचा. पंचावन्न वर्षं बडोद्यात काढून तिने दोन्ही टिकवलेत. आमटीतला गूळ मात्र पूर्ण सासरचा, दरवेळी थोडा वाढलेलाच असतो.

चहा होईपर्यंत पावसाने जोर धरला. मी खिडकीत उभी. आमच्याकडे पाऊस पडला की पाच मिनिटांत परसातलं पाणी पाणंदीत, पाणंदीतलं व्हाळात, व्हाळातलं खाडीत. पाणी कुठे जातं हे कुणी विचारत नाही, उतारच दाखवतो. इथे गल्लीत पडलेलं पाणी तिथेच उभं. थोडं डावीकडे गेल्यासारखं करून परत यायचं.

"दादा, इथलं पाणी जातं कुठे?"

"जात नाही ने. तोच तर प्रॉब्लेम आहे."

मग म्हणाला की शेवटी सगळं विश्वामित्रीत जातं, विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात. म्हणजे जातं समुद्रालाच, फक्त घाई नाही. माझ्या सहलीला तिथेच कार्यक्रम मिळाला. लक्ष्मी विलास पॅलेस मी मागच्या खेपेला तिकीट काढून बघितलाय. यंदा पाण्याच्या मागे मागे जायचं, होईल तितकं पायी. दादाने स्कूटरची किल्ली पुढे केली, मी ती परत दिली. वहिनीने काहीही न बोलता जुने रबरी बूट आणून ठेवले. ते मी घातले नाहीत आणि दुपारी पस्तावले.

चार वाजता सूरसागरला गेले. भर शहरात बांधीव काठांचं हे तळं. पूर्वी त्याला चंदन तलाव म्हणत. मधोमध १११ फुटी उभा शंकर, आता सोन्याने मढवलेला. ऊन असताना तो डोळ्यांना खुपतो. पावसात तो नुकत्याच घासलेल्या पितळी तांब्यासारखा दिसत होता आणि मला तसाच आवडला. काठावर मका भाजणारा माणूस होता. त्याने सांगितलं की तळ्याच्या पोटात दरवाजे आहेत, तळं काठोकाठ आलं की ते उघडून पाणी जमिनीखालून विश्वामित्रीला देतात. त्याने स्वतः पाहिलेत का, असं विचारलं. "जमिनीखालचं कोण बघणार, बेन?"

समोर न्यायमंदिर. चिझम नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने आखलेली १८९६ ची इमारत. मुळात बाजारासाठी होती म्हणतात, मग तिथे न्यायालय भरलं, २०१८ मध्ये तेही नव्या जागेत गेलं. आता कबुतरं आहेत आणि पावसात कमानीखाली उभे राहणारे आम्ही.

तिथून लहरीपुरा दरवाज्यातून मंगळ बाजारात शिरले. पावसात मंगळ बाजार म्हणजे दोन्ही बाजूंनी दुकानांची प्लास्टिकं पुढे आलेली, मध्ये दोन माणसं जेमतेम जातील एवढी फट, आणि प्लास्टिकात साठलेलं पाणी दुकानदार काठीने वर ढकलतात तेव्हा ते नेमकं त्या फटीत पडतं. माझ्या चपलेचा अंगठा इथेच तुटला. एका पायात चप्पल, एक हातात, अशी मी पहिल्या दिसलेल्या दुकानात चढले. दुकानदाराने मला वहिनीशी फोनवर बोलताना ऐकलं. "दक्षिणी छो?" असं विचारलं आणि लगेच मराठीवर आला. 'दक्षिणी' म्हणजे आपण मराठी लोक. बडोद्यात जुनी माणसं अजून असंच म्हणतात. दामाजी-पिलाजी गायकवाडांच्या मागून आलेली माणसं दक्षिणेकडूनच आली होती, ते खरंच. पण कोकणातल्या बाईला 'दक्षिणी' ऐकून क्षणभर आपण मद्रासहून आलो की काय असं वाटतं. त्याने दिलेली प्लास्टिकची चप्पल हिरवीगार होती. ती आजही माझ्याकडे आहे.

नव्या चपलेला तळ फारसा नव्हता, आणि त्यामुळेच एक गोष्ट कळली. मी मांडवीकडे चालत होते आणि पाणी समोरून माझ्या पावलांवर येत होतं. जोरात नाही, पण येत होतं. म्हणजे मी चढत होते. डोळ्यांना हा रस्ता सपाट दिसतो, गाडीतून तर काहीच कळत नाही. पायाला मात्र कळलं की जुनं कोटातलं बडोदं आजूबाजूपेक्षा उंच बसलंय. आत्या नंतर म्हणाली की एवढे पूर बघितले, पण मांडवीत पुराचं पाणी तिने बघितलेलं नाही. ज्यांनी गाव वसवलं त्यांनी जागा पावसातच निवडली असणार.

मांडवी म्हणजे चौकात उभा कमानींचा मंडप. त्याच्या चारी बाजूंना चार रस्ते निघून चार दरवाज्यांना जातात: पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट, पूर्वेला पाणीगेट. आमच्या मांडवीवर लाटा बघतात, इथे रिक्षा. मंडपात भिजलेली पंधरा-वीस माणसं आणि एक गाय. जवळच्या विठ्ठल मंदिरात जाऊन आले. आषाढीची गर्दी ओसरून गेली होती आणि देव मोकळा बसला होता.

दुसरा दिवस, संकष्टी

सकाळी आठला आत्याने उपासाची साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. उपास तिचा, खिचडी मला. तिने स्वतः नुसता चहा घेतला.

तांबेकर वाडा घरापासून जवळच. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा. बाहेरून बघितला तर पुण्या-नाशकाकडच्या वाड्यासारखा वाडा, शेजारच्या इमारतींनी दाबून टाकलेला. पुरातत्त्व खात्याकडे आहे म्हणून टिकला. आत गेलं की भिंती, तुळया, दारांच्या वरच्या पट्ट्या, सगळीकडे चित्रं. कृष्णाच्या लीला, महाभारत, आणि त्यांच्याच शेजारी मराठ्यांची इंग्रजांशी लढाई. लाल आणि हिरवा अजून ठळक. बाहेर ढग, आत दिवा नाही. मोबाइलच्या उजेडात एकेक चौकट बघायला लागले. मग एकदा वीज चमकली आणि सगळी भिंत एकदम दिसली. ओल्या सागाचा वास आला आणि मला आमचं राजापूरकडचं आजोळ आठवलं. तिथे चित्रं नव्हती, वाळवी होती.

रावपुऱ्यातून चिमणाबाई टॉवर ओलांडून पुढे गेल्यावर सेव-उसळ खाल्ली. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर मूठभर जाड शेव, कांदा, हिरवी चटणी आणि बाजूला वेगळ्या भांड्यातून हवी तितकी तरी. पाव मागेल तितका. आपल्या मिसळीचीच ही बहीण, पण मोड गेले आणि फरसाणाच्या जागी शेव आली. रात्री आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मिसळ सासरी गेली की तिची सेव-उसळ होते." तिला सासर हा विषय आला की नेमकं सुचतं.

कोठीवरून उतरत नदीकडे गेलं की कीर्ती मंदिर. गायकवाड घराण्याच्या पूर्वजांसाठी सयाजीरावांनी बांधून घेतलेलं, १९३६ चं. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत. त्या दिवशी उघडं मिळालं हे नशीब. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत; १९३९ पासून पुढे काही वर्षं ते येऊन येऊन काढत होते. मीराबाई आहे, अभिमन्यू आहे, पण मी बसले ती 'गंगावतरणा'समोर. आकाशातून उतरणारी गंगा आणि तिला जटांवर घेणारा शंकर. काल तळ्यातला शंकर बघितला, आज हा. दोघांकडे काम एकच, पाणी अडवायचं आणि बेताबेताने सोडायचं. बडोद्याच्या महानगरपालिकेलाही तेच काम आहे.

त्या चित्रातून बाहेर पडून पन्नास पावलं चाललं की खरी नदी. काळा घोडा पुलावर लोक गाड्या थांबवून खाली बघत होते. आमच्याकडे लोक भरती-ओहोटी बघतात तसे बडोद्यातले लोक विश्वामित्रीची पातळी बघतात. धोक्याची खूण पंचवीस-सव्वीस फुटांच्या आसपास. त्या दिवशी पाणी बरंच खाली होतं, चहासारखं तपकिरी, काठाच्या झुडपांमधून गुपचूप चाललेलं. ही नदी पावागढच्या डोंगरांत उगवते. वरती आजव्याचं सयाजी सरोवर आहे, सयाजीरावांनी शहराला पाणी द्यायला १८९० च्या सुमारास बांधलेलं. त्याला ६२ दरवाजे. ते भरून वाहिलं की पाणी विश्वामित्रीतच येतं. म्हणून पावसाळ्यात बडोदेकर दोन आकडे विचारतो: आजवा किती, काळा घोडा किती. दादा तर दात घासताना मोबाइलवर हे बघतो.

तो बघणारच. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पस्तीस फुटांच्या वर गेली तेव्हा तो समा भागात तळमजल्यावर राहत होता. तीन दिवस घरात छातीइतकं पाणी. ३१ जुलै २०१९ लाही एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला होता, पण तेव्हा ते वाचले होते, म्हणून चोवीस साली हलले नाहीत. आता तो फ्लॅट बंद आहे आणि ते आत्याच्या माडीवर आलेत. वहिनीने मला फ्लॅटच्या भिंतीवरची रेघ मोबाइलवर दाखवली. वर गुलाबी रंग, खाली मातकट. "रंग द्यायचाय," म्हणाली. दोन वर्षं होत आली.

मगर? दिसली. पुलाच्या खालच्या अंगाला एक ओंडका होता. शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, "मावशी, तो ओंडका नाही." बराच वेळ ओंडक्याने काही केलं नाही. मग त्याने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. इतक्या मोठ्या शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत अलीकडच्या मोजणीत चारशेच्या वर मगरी भरल्या. चोवीसच्या पुरात त्यातल्या कितीतरी सोसायट्यांत शिरल्या. पहिल्या तीन दिवसांतच २४ पकडून सोडल्या. अकोट्याकडे एक तर घराच्या छपरावर पडलेली होती, तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. बडोदेकरांना याचं फार काही वाटत नाही. मी त्या मुलाला विचारलं, भीती नाही वाटत? "आपण तिच्या घरात जायचं नाही ने," म्हणाला. ती आपल्या घरात आली तर काय, ते त्याने सांगितलं नाही.

पुलापलीकडे सयाजीबाग, जुन्या लोकांचा कमाटीबाग. १८७९ चा, शंभर एकरांच्या वर. पावसात रिकामा. ज्या वडाखाली २३ सप्टेंबर १९१७ ला डॉ. आंबेडकर बसले, त्या संकल्पभूमीपाशी थांबले. सयाजीरावांच्या नोकरीत आलेल्या, परदेशात शिकलेल्या माणसाला या शहराने राहायला खोली दिली नाही. वडाखाली पावसात उभं राहिलं तर पान न् पान गळतं, आडोसा म्हणावा असा मिळत नाही. मी तिथे फार बोलण्यासारखं काही शोधलं नाही.

छत्री एव्हाना नावाला उरली होती, म्हणून म्युझियममध्ये शिरले आणि समुद्र तिथे भेटला. निळ्या देवमाशाचा सांगाडा, सत्तर फुटांहून लांब, छताला टांगल्यासारखा. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. रत्नागिरीत जन्म काढून मी एवढा मासा कधी बघितला नाही आणि तो बघायला बडोद्याला यावं लागलं! पाटीवर 'महीसागर' वाचलं आणि ते नाव डोक्यात राहिलं.

परतताना वाट वाकडी करून अलकापुरीचं गरनाळं बघायला गेले. रेल्वेखालून जाणारा हा बोगदा बडोद्यात पहिला बुडतो, अशी त्याची ख्याती आहे. बुडालेलाच होता. एक जण मोटरसायकल घालावी की नाही याचा विचार करत उभा आणि दहा जण त्याला सल्ला देत उभे. पाच जण म्हणत होते घाल. त्याने घातली. मधोमध बंद पडली. घाल म्हणणारे पाचही जण पाण्यात उतरून ढकलायला गेले, ही गोष्ट मला त्या शहराबद्दल लिहून ठेवावीशी वाटते.

रात्री चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. आत्याने पंचांगातली वेळ बघून ढगांना अर्घ्य दिलं आणि जेवायला बसली.

तिसरा दिवस

पहाटेपासून धो धो. दहापर्यंत हिंचक्यावर बसून लीलो चेवडो खाल्ला. लीलो म्हणजे ओला. बटाट्याचा आणि चणाडाळीचा हा चिवडा कुरकुरीत नसतोच. बाहेर सगळंच ओलं असताना चिवडा तरी कशाला कोरडा असावा.

पाऊस उघडला तसं मध्यवर्ती ग्रंथालय गाठलं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी करायला घेतली, त्याचं हे मुख्य घर. पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी आणि मजल्यांच्या लाद्या काचेच्या, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. मराठीची कपाटं आहेत, धूळ आहे, आणि एक आजोबा आहेत जे तिथे रोज येतात असं दिसलं.

दुपारी दांडिया बाजार-अकोटा पुलावरून गेले. पायी फिरणाऱ्याने या पुलाला नमस्कार करावा. वर सोलर पॅनेलचं छप्पर आहे, वीज होते आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पाऊस कमी. नदीच्या पश्चिमेचं हे अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. १९५१ च्या सुमारास इथे जैन धातुमूर्ती सापडल्या, त्या काल म्युझियममध्ये बघितल्या होत्या. सांगतात की सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास मोठे पूर आले, अंकोट्टकातली माणसं नदी ओलांडून पूर्वेकडच्या उंचवट्यावर वडांच्या गावात गेली, तेच वटपद्रक, मग वडोदरा. म्हणजे दादा आणि वहिनी समाहून दांडिया बाजारात आले, तसंच. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "त्यांना होम लोन नव्हतं."

सेवासीपर्यंत चालायचं ठरवलं होतं. गोत्रीपर्यंत चालले, मग पोटऱ्यांनी नकार दिला आणि रिक्षा केली. सेवासीची विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, १५४३ ची, सात मजले खोल. पाण्यासाठी जमिनीत उतरत जाणारा राजवाडाच म्हणा. पायऱ्यांवर शेवाळ होतं, म्हणून तिसऱ्या टप्प्यापुढे मी गेले नाही. पडले असते तर आत्याला कोण तोंड दाखवणार. वरून पाऊस, खाली थेंबांचा आवाज, आणि तो आवाज खांबांतून फिरून उशिरा परत येतो. दोन दिवस मी पाणी बाहेर कसं काढतात तेच बघत होते. इथे ते राखून ठेवायची तजवीज होती.

चौथा दिवस, षष्ठी

आता राहिला समुद्र. बडोद्याहून जंबुसरमार्गे कावी, आणि कावीपुढे कंबोई. तिथे स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत रोज दोनदा पाण्याखाली जातं. दादा म्हणाला, वेळ विचारून जा. मी हसले. समुद्राची वेळ रत्नागिरीकराने कुणाला विचारायची? आमचं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. षष्ठी, सहा पाऊणे साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहाला. पहाटेची एस.टी. धरली की बरोबर ओहोटीला देवाच्या पायाशी.

पादऱ्यापर्यंत झोपले. पुढे दोन्हीकडे पाण्याने भरलेली शेतं, बगळे, एका वळणावर मोर. जंबुसरला गाडी बदलली, कावीहून सहा जणांत रिक्षा केली. साडेदहाला दहा मिनिटं कमी असताना कंबोईच्या काठावर उभी राहिले, आणि समोर देऊळ नव्हतं. देवळाचा वरचा थोडा भाग आणि त्याच्यावरून गढूळ पाणी.

मी घड्याळ बघितलं, परत पाणी बघितलं. शेजारी नारळ विकणाऱ्या बाईंनी फलकाकडे बोट केलं. तिथीप्रमाणे वेळा लिहिलेल्या होत्या. माझ्या हिशेबापेक्षा भरती इथे चार-साडेचार तास उशिरा. आणि खरंच, विचार केला असता तर घरीच कळलं असतं. आमच्याकडे समुद्र उघडा, भरती सरळ येऊन काठाला लागते. हे आखात नरसाळ्यासारखं, आत आत निमुळतं आणि उथळ होत गेलेलं. पाण्याला बाहेरून इथपर्यंत चढत यायला तास लागतात, आणि नरसाळ्यात दाटल्यामुळे ते वर तरी किती चढतं! आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेलाही भरती-ओहोटीतला फरक अडीच-तीन मीटरचा. खंभातच्या आखातात तो दहा मीटरपर्यंत जातो. पाऊणपटीचं गणित चुकलं नव्हतं, ते मी परगावी नेलं होतं.

"कुठून आलात?" बाईंनी विचारलं. गुजरातीतच, पण कळलं. मी बडोदा सांगितलं. रत्नागिरी सांगायची हिंमत झाली नाही.

अडीच तास काढायचे होते. त्याच रिक्षाने कावीला परत जाऊन सासू-वहूचे देरासर बघितले. दोन जैन मंदिरं; एक सासूने बांधलं, सुनेने दार ठेंगणं झालं म्हटलं, सासू म्हणाली माहेरच्या पैशाने बांध मग, तर सुनेने दुसरं बांधलं. गोष्ट खरी असो वा नसो, आत्यासाठी नीट लक्षात ठेवली.

परत आले तेव्हा पाणी निघालेलं होतं. निघालेलं म्हणजे दिसत होतं निघताना. आमच्या ओहोटीला जरा नजर हटवून परत बघावं तेव्हा फरक कळतो. इथे एकेक पायरी डोळ्यांदेखत मोकळी होत होती. आधी खांब, मग ओटा, मग ओल्या, चकचकीत चिखलात उतरलेले लोक. एक वाजून गेल्यावर आम्हाला सोडलं. पिंड अजून अर्धी गाळात होती. पुजारी हातांनी गाळ बाजूला करत होते, लोक तांब्यातून दूध-पाणी घालत होते. कार्तिकेयाने तारकासुराला मारल्यावर इथे लिंग स्थापलं, अशी कथा. महीचं मुख हेच. तो देवमासा १९४४ मध्ये आला तो याच महीच्या मुखाशी. त्याच्या बरगड्या आठवल्या आणि समोरच्या पाण्याकडे बघितलं: निळेपणाचं नाव नाही, काळा घोडा पुलाखाली होतं तेच तपकिरी. विश्वामित्री ढाढरमधून इथून थोडी दक्षिणेला आखातात उतरते. सूरसागरातलं, मंगळ बाजाराच्या प्लास्टिकवरचं, गरनाळ्यातलं, सगळं मिसळून शेवटी इकडेच.

पाऊस परत सुरू झाला. समुद्रावर पाऊस पडताना मी जन्मभर बघत आलेय. पण इथे समुद्र मागे जात होता आणि पाऊस पुढे येत होता, मध्ये नुसता चिखल, मैलभर. हिरवी चप्पल त्यात दोनदा रुतून बसली. दुसऱ्यांदा नारळवाल्या बाईंच्या मुलाने काढून दिली.

रात्री नऊला दांडिया बाजारात पोचले. आत्या हिंचक्यावर जागी होती.

"दिसला गो समुद्र?"

"दिसला. गढूळ आहे."

"पाय आत आणू नकोस ने तसले. मोरीवर जा आधी."

मोरीत उभी राहून तांब्यातांब्याने पाय धुतले, मग चप्पल. कंबोईचा गाळ पांढऱ्या फरशीवरून सावकाश जाळीकडे निघाला. जाळीपाशी थोडा थांबला. मी वरून आणखी एक तांब्या ओतला.